ट्रान्झॅक्शनच्या आत ट्रान्झॅक्शन: सीमा कोणी आखायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पतसंस्थेसाठीचं सॉफ्टवेअर, जँगो (पायथनचं वेब फ्रेमवर्क) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस) यांवर. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात रक्कम वळती करणारं एक फंक्शन आहे आणि ते स्वतःचं ट्रान्झॅक्शन (सगळी पक्की व्हावीत किंवा एकही होऊ नये अशा विधानांचा गट) स्वतःच उघडतं. आता दर महिन्याला सभासदांच्या बचत खात्यातून आरडीचे (आवर्ती ठेवीचे) हप्ते कापायचे आहेत. हे मोठं काम तेच फंक्शन काही हजार वेळा बोलावणार, आणि या मोठ्या कामालाही ट्रान्झॅक्शन असावं असं विचारणाऱ्याला वाटतं. मग आतल्या ट्रान्झॅक्शनचं काय होतं? एखाद्याच्या खात्यात शिल्लक नसेल तर बाकीच्यांचे हप्ते टिकले पाहिजेत, न कापलेल्या हप्त्याची नोंद राहिली पाहिजे, आणि ज्याचा हप्ता कापला गेला त्यालाच एसएमएस गेला पाहिजे.

आधी निकाल सांगतो, कारणं मागाहून. या कामाला बाहेरचं मोठं ट्रान्झॅक्शन लावू नका. प्रत्येक हप्ता हे एक स्वतंत्र, पूर्ण ट्रान्झॅक्शन असू द्या. आणि रक्कम वळती करणाऱ्या फंक्शनमधून ट्रान्झॅक्शन उघडण्याचा अधिकार काढून घ्या. तो त्याला बोलावणाऱ्याकडे द्या. ट्रान्झॅक्शन कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हे ठरवण्यासाठी काम पूर्ण झालं म्हणजे काय झालं, हे माहीत असावं लागतं. आतल्या फंक्शनला ते कधीच माहीत नसतं.

डेटाबेस प्रत्यक्षात काय करतो

'नेस्टेड ट्रान्झॅक्शन' ही कल्पना जुनी आहे. एलियट मॉस यांनी १९८१ मध्ये एमआयटीतल्या पीएचडी प्रबंधात तिची नीट मांडणी केली: आतलं ट्रान्झॅक्शन फसलं तरी बाहेरचं जगू शकतं, आणि आतलं यशस्वी झालं तरी त्याचं यश बाहेरच्याच्या यशावर अवलंबून असतं. आपण रोज वापरतो त्या डेटाबेसांपैकी जवळजवळ कोणीही ही कल्पना त्या रूपात देत नाही. आणि एका ट्रान्झॅक्शनमध्ये दुसऱ्यांदा 'बिगिन' (ट्रान्झॅक्शन सुरू कर) म्हटल्यावर प्रत्येकाची वागणूक वेगळी आहे. गोंधळाची मुळं इथेच आहेत.

पोस्टग्रेस दुसऱ्या बिगिनला फक्त एक इशारा देतो, की ट्रान्झॅक्शन आधीच चालू आहे, आणि पुढे जातो. नवीन काहीच उघडत नाही. खरी इजा त्यानंतर होते. आतल्या फंक्शनने 'कमिट' (पक्कं कर) म्हटलं की बाहेरचं, एकुलतं एक ट्रान्झॅक्शन पक्कं होऊन संपतं. त्यापुढची विधानं एकेकटी, जागच्या जागी पक्की होत जातात. मग बाहेरच्या कोडला काही चुकलेलं दिसतं, तो 'रोलबॅक' (केलेलं उलटव) म्हणतो, आणि पोस्टग्रेस पुन्हा एक इशारा देतो की कोणतंही ट्रान्झॅक्शन चालू नाही. म्हणजे बचत खातं नावे पडलं, आरडी खात्यात जमा झालं नाही, रोलबॅकची ओळ चालली, आणि कुठेही एरर आला नाही.

मायएसक्यूएल इशाराही देत नाही. दुसरं 'स्टार्ट ट्रान्झॅक्शन' आलं की पहिलं गुपचूप कमिट करून टाकतो. मध्येच 'ऑल्टर टेबल'सारखं, टेबलाची रचना बदलणारं विधान आलं तरी तेच. एसक्यूलाइट या सगळ्यांत प्रामाणिक आहे: ट्रान्झॅक्शनच्या आत ट्रान्झॅक्शन सुरू करता येत नाही असा सरळ एरर देतो. एसक्यूएल सर्व्हर एक मोजणी ठेवतो. प्रत्येक बिगिनला ती एकाने वाढते, प्रत्येक कमिटला एकाने उतरते, आणि शून्यावर येणारं कमिट तेवढं खरं. पण रोलबॅक कितीही आतून म्हटला तरी मोजणी थेट शून्यावर येते आणि सगळंच उलटतं. स्टोअर्ड प्रोसिजरमध्ये असं झालं की बाहेर पडताना २६६ क्रमांकाचा एरर दिसतो, कारण आत जातानाची आणि बाहेर येतानाची मोजणी जुळत नाही.

थोडक्यात, डेटाबेसच्या पातळीवर एका कनेक्शनवर एका वेळी एकच ट्रान्झॅक्शन असतं. त्याच्या पोटात खुणा करता येतात, त्या खुणांना सेव्हपॉइंट म्हणतात. सेव्हपॉइंट एसक्यूएलच्या १९९९ च्या मानकात आला आणि पोस्टग्रेसमध्ये ८.० आवृत्तीपासून, म्हणजे २००५ पासून आहे. 'रोलबॅक टू' म्हटलं की त्या खुणेनंतरचं काम उलटतं. 'रिलीज' म्हटलं की खूण पुसली जाते, पण काहीही पक्कं होत नाही. हे दुसरं वाक्य पुन्हा वाचा, कारण 'आतलं कमिट झालं' असं आपण बोलतो तेव्हा बहुतेक वेळा फक्त रिलीज झालेलं असतं.

एकाच शब्दामागे तीन वेगळ्या गरजा

ट्रान्झॅक्शनमध्ये ट्रान्झॅक्शन हवं असं कोणी म्हणतं तेव्हा मी आधी विचारतो की यातलं नेमकं काय हवं आहे.

पहिली गरज: बाहेर ट्रान्झॅक्शन असेल तर त्यात सामील व्हायचं, नसेल तर स्वतःचं उघडायचं. दुसरी: आतलं काम फसलं तर तेवढंच उलटायचं आणि बाहेरचं पुढे चालू ठेवायचं. तिसरी: बाहेरचं काहीही होवो, आतली नोंद टिकलीच पाहिजे. पहिलीसाठी काहीच नवीन उघडावं लागत नाही, दुसरीसाठी सेव्हपॉइंट लागतो, तिसरीसाठी वेगळं कनेक्शन लागतं. स्प्रिंग या जावाच्या फ्रेमवर्कमध्ये यांना तीन वेगळी नावं आहेत: रिक्वायर्ड, नेस्टेड आणि रिक्वायर्स न्यू. जँगोमध्ये 'अ‍ॅटॉमिक' ब्लॉक दुसऱ्या अ‍ॅटॉमिक ब्लॉकच्या आत आला की आपोआप सेव्हपॉइंट बनतो, म्हणजे न मागता दुसरी गरज भागवली जाते. रुबीच्या रेल्समध्ये याच्या उलट: आतला ट्रान्झॅक्शन ब्लॉक बाहेरच्यात विरघळतो, सेव्हपॉइंट हवा असेल तर 'रिक्वायर्स न्यू' असं लिहावं लागतं. (रेल्समधलं हे नाव आणि स्प्रिंगमधलं तेच नाव यांचे अर्थ वेगळे आहेत. एका फ्रेमवर्कमधून दुसऱ्यात जाणाऱ्यांनी इथे जपून.) पीएचपीचं लारावेलही मोजणी ठेवून आतल्या पातळीला सेव्हपॉइंट लावतं. त्यामुळे दिसायला सारखा कोड फ्रेमवर्क बदललं की वेगळं वागतो.

रेल्समधला एक प्रकार विशेष फसवा आहे. आतल्या ब्लॉकमध्ये 'रोलबॅक' नावाचा खास एक्सेप्शन उभा केला, तर तो आतला ब्लॉकच गिळतो. आतल्याला स्वतःचं ट्रान्झॅक्शन नाही, त्यामुळे उलटायला काही नाही. बाहेरच्याला एक्सेप्शन दिसलाच नाही, त्यामुळे तो आनंदाने कमिट करतो. वाचणाऱ्याला रोलबॅक दिसतो आणि डेटा मात्र जसाच्या तसा पक्का झालेला असतो.

सामील होणं

बहुतांश कामांना पहिला प्रकार पुरतो आणि तोच आधी धरावा. त्यात एकच नियम पाळायचा: सामील झालेलं आतलं काम फसलं, तर ते कोणीही मध्येच झाकायचं नाही.

स्प्रिंगमध्ये हे न पाळल्याची खूण सगळ्यांच्या ओळखीची आहे. आतल्या सर्व्हिसने रनटाइम एक्सेप्शन फेकला, बाहेरच्या सर्व्हिसने तो पकडून लॉगमध्ये टाकला आणि पुढचं काम केलं. शेवटी कमिटच्या वेळी 'अनएक्स्पेक्टेड रोलबॅक' असा एक्सेप्शन येतो. लोक याला स्प्रिंगचा दोष समजतात. पण आतल्याने जाताना ट्रान्झॅक्शनवर 'आता फक्त रोलबॅक' असा शिक्का मारलेला असतो, आणि अर्धवट झालेलं काम पक्कं होऊ न देणं हेच बरोबर आहे. मग या एक्सेप्शनवर उतारा म्हणून आतल्या मेथडला रिक्वायर्स न्यू लावलं जातं. तो उतारा रोगापेक्षा वाईट कसा पडतो ते तिसऱ्या प्रकारात येईलच.

स्प्रिंगच्याच दोन गोष्टी जाता जाता. त्याच क्लासमधली मेथड थेट बोलावली तर मध्ये प्रॉक्सी (ट्रान्झॅक्शन उघडणारा मध्यस्थ ऑब्जेक्ट) येत नाही, त्यामुळे तिच्यावरचं ट्रान्झॅक्शनचं अ‍ॅनोटेशन लागूच होत नाही. आणि मुळात चेक्ड (जावात आधी जाहीर करावे लागणाऱ्या) एक्सेप्शनवर रोलबॅक होत नाही, तो वेगळा सांगावा लागतो.

सेव्हपॉइंट: कुठे हवाच, कुठे नको

पोस्टग्रेसवर सेव्हपॉइंट ही चैन नाही. तिथे एखादं विधान एरर देऊन फसलं की सगळं ट्रान्झॅक्शन निकामी होतं. त्यानंतर साधं 'सिलेक्ट'सुद्धा चालत नाही, ट्रान्झॅक्शन संपेपर्यंत सगळी विधानं दुर्लक्षित होतील असं उत्तर येतं. अशा निकामी ट्रान्झॅक्शनला कमिट म्हटलं तर पोस्टग्रेस शांतपणे रोलबॅक करतो. मायएसक्यूएलमध्ये फसलेलं विधान तेवढं उलटतं आणि ट्रान्झॅक्शन पुढे चालू राहतं. म्हणून 'आधी इन्सर्ट करून बघू, युनिक कीचा (तीच नोंद आधीपासून असल्याचा) एरर आला तर अपडेट करू' हा मायएसक्यूएलवर मुरलेला कोड पोस्टग्रेसवर आणला की पहिल्याच एररला कोलमडतो. तिथे त्या एका इन्सर्टभोवती सेव्हपॉइंट हवा, किंवा त्याहून चांगलं म्हणजे 'ऑन कॉन्फ्लिक्ट' वापरून एररच येऊ देऊ नये. जँगोचं 'गेट ऑर क्रिएट' आतून नेमका असाच छोटा अ‍ॅटॉमिक ब्लॉक लावतं.

जँगोमध्ये इथे ट्राय आणि अ‍ॅटॉमिक यांच्या क्रमावर सगळं अवलंबून आहे. ट्राय बाहेर, अ‍ॅटॉमिक आत. एक्सेप्शन अ‍ॅटॉमिक ब्लॉकची हद्द ओलांडून बाहेर आला तरच ब्लॉकला कळतं की सेव्हपॉइंटपर्यंत मागे जायचं आहे. ट्राय आत ठेवून तिथेच एक्सेप्शन पकडला, तर ब्लॉकला सगळं सुरळीत झाल्यासारखं वाटतं, ट्रान्झॅक्शन मात्र निकामी असतं, आणि पुढच्या क्वेरीला भलत्याच ठिकाणी एरर येतो. कोड रिव्ह्यूमध्ये हा क्रम मी सगळ्यात आधी बघतो.

आणखी एक गोष्ट: सेव्हपॉइंटपर्यंत मागे गेल्यावर डेटाबेसमधल्या ओळी पूर्ववत होतात, मेमरीतले ऑब्जेक्ट होत नाहीत. खात्याच्या ऑब्जेक्टमधली शिल्लक तुम्ही कमी केलेली असेल तर ती कमीच राहते, आणि पुढे कुठे 'सेव्ह' म्हटलं तर तीच चुकीची रक्कम लिहिली जाते. मागे आल्यावर ऑब्जेक्ट डेटाबेसमधून ताजा वाचून घ्यायचा. सीक्वेन्समधून (डेटाबेसच्या क्रमांक देणाऱ्या मोजकातून) घेतलेले क्रमांकही परत जात नाहीत, त्यामुळे पावती क्रमांक सलग हवेत अशी ऑडिटरची अट असेल तर ते सीक्वेन्सवर सोडू नका.

लॉकचं, म्हणजे बदललेली ओळ दुसऱ्या कोणाला बदलू न देणाऱ्या अडवणुकीचं काय? रिलीज केल्यावर एकही लॉक सुटत नाही, सगळी लॉक बाहेरचं ट्रान्झॅक्शन संपेपर्यंत धरलेली राहतात. सेव्हपॉइंटपर्यंत मागे गेल्यावर पोस्टग्रेस त्यानंतर घेतलेली लॉक सोडतो. मायएसक्यूएलचं स्टोरेज इंजिन इनोडीबी तिथेही रो लॉक (ओळीवरचं लॉक) सोडत नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे. सगळ्या हप्त्यांभोवती एक मोठं अ‍ॅटॉमिक आणि प्रत्येक हप्त्याभोवती छोटं, असं केलं तर काम चालेल का? शिल्लक नसलेला हप्ता मागे जाईल, बाकीचे टिकतील. कागदावर सगळं मागणीप्रमाणे. तरीही मी हे करणार नाही.

पहिलं कारण लॉकचं. पहिल्या मिनिटाला ज्या सभासदाचा हप्ता कापला, त्याच्या बचत खात्याची ओळ शेवटचा हप्ता कापून होईपर्यंत लॉक राहते. तो काउंटरवर पैसे काढायला आला तर खिडकीवरचा स्क्रीन फिरत बसतो. त्याहून वाईट म्हणजे, जनरल लेजरमध्ये 'बचत ठेवी' या शीर्षाची एकच ओळ असेल आणि तिची शिल्लक प्रत्येक व्यवहारात बदलत असेल, तर पहिल्याच हप्त्याला ती ओळ अडकते आणि सगळ्या शाखांचे सगळे बचत व्यवहार थांबतात. हे काम रात्री डे-एंडनंतर चालतं असं तुम्ही म्हणाल, पण मोबाइल अ‍ॅप आणि एटीएम रात्रीही चालू असतात.

दुसरं कारण पोस्टग्रेसच्या आतलं आहे. ज्या सेव्हपॉइंटच्या आत काहीतरी लिहिलं जातं, त्याला स्वतःचा ट्रान्झॅक्शन क्रमांक मिळतो. प्रत्येक कनेक्शनमागे असे ६४ उप-क्रमांक चटकन हाताशी ठेवण्याची सोय आहे. रिलीज केलेलेही त्यात मोजले जातात, बाहेरचं ट्रान्झॅक्शन संपेपर्यंत. ६४ च्या पुढे गेलं की कोणती ओळ कोणाला दिसावी हे ठरवायला इतर कनेक्शनांनाही वेगळ्या साठ्यात जाऊन शोध घ्यावा लागतो. म्हणजे भार तुमच्या कामापुरता राहत नाही, सगळ्यांवर पडतो. गिटलॅबने २०२१ मध्ये याचा अनुभव सविस्तर प्रसिद्ध केला आहे: एका बाजूला लांब चाललेलं ट्रान्झॅक्शन, दुसऱ्या बाजूला सेव्हपॉइंट, आणि त्यामुळे रीड रेप्लिकांवरच्या (डेटाबेसच्या फक्त वाचण्यासाठीच्या प्रतींवरच्या) क्वेरी अडखळायला लागल्या. शेवटी त्यांनी आपल्या कोडमधून सेव्हपॉइंट वेचून काढले. काही हजार सेव्हपॉइंटचं एक ट्रान्झॅक्शन म्हणजे ही परिस्थिती आपल्या हाताने उभी करणं. पीएल/पीजीएसक्यूएलमधला (पोस्टग्रेसच्या प्रोसिजरच्या भाषेतला) प्रत्येक 'एक्सेप्शन' ब्लॉकही आतून असाच उप-ट्रान्झॅक्शन उघडतो, त्यामुळे हे काम प्रोसिजरमध्ये हलवून सुटका नाही.

तिसरं कारण सगळ्यात साधं. तीन हजार हप्ते झाल्यावर सर्व्हर बंद पडला तर तीनही हजार गेले. आणि 'एकाचा फसला तरी बाकीच्यांचे टिकावेत' ही मागणी तुम्हीच केली आहे. ती मागणी म्हणजेच हे सगळे हप्ते मिळून एक अविभाज्य काम नाही याची कबुली. अविभाज्य आहे तो एक हप्ता: बचत खातं नावे, आरडी खातं जमा, आणि 'हप्ता झाला' ही नोंद.

स्वतंत्र नोंद, आणि तिच्यातला सापळा

न कापलेल्या हप्त्याची नोंद टिकली पाहिजे म्हणून वेगळ्या कनेक्शनवर लिहायची कल्पना सुचते. ओरॅकलमध्ये यासाठी 'ऑटोनॉमस ट्रान्झॅक्शन' भाषेतच आहे. पोस्टग्रेसमध्ये ते नाही. डीबीलिंकसारख्या (डेटाबेसच्या आतूनच दुसरं कनेक्शन उघडणाऱ्या) वाटेने किंवा अ‍ॅप्लिकेशनमध्ये दुसरं कनेक्शन घेऊन करावं लागतं. स्प्रिंगचं रिक्वायर्स न्यू हेच करतं: बाहेरचं ट्रान्झॅक्शन बाजूला ठेवतं, पण त्याचं कनेक्शन सोडत नाही, आणि पूलमधून (तयार कनेक्शनांच्या साठ्यातून) दुसरं मागतं.

आता हिशोब करा. जावातल्या हिकारीसीपी या पूल सांभाळणाऱ्या लायब्ररीची मूळ मर्यादा १० कनेक्शनांची आहे. दहा रिक्वेस्ट एकदम आल्या, दहांनी पहिलं कनेक्शन घेतलं, आणि दहाही जण दुसऱ्यासाठी थांबले. कोणीच पहिलं सोडणार नाही. मूळ सेटिंगप्रमाणे ३० सेकंदांनी सगळ्यांना टाइमआउट येतो. डेटाबेसवर पाहिलं तर दहा निवांत कनेक्शन दिसतात, सीपीयू रिकामा. म्हणून हे शोधायला इतका वेळ लागतो. टाळायचं असेल तर पूल किमान इतका हवा: एकाच वेळी चालणाऱ्या थ्रेडची संख्या, गुणिले (एका थ्रेडला लागणारी कनेक्शनं वजा एक), अधिक एक. दहा थ्रेड आणि प्रत्येकी दोन कनेक्शनं असतील तर अकरा.

दुसरा सापळा याहून खोल आहे. बाहेरच्या ट्रान्झॅक्शनने खात्याची ओळ बदलली आहे, आणि आतलं, वेगळ्या कनेक्शनवरचं ट्रान्झॅक्शन तीच ओळ बदलायला गेलं. आतलं लॉकसाठी बाहेरच्याची वाट बघतं. बाहेरचं आतली मेथड परत येण्याची वाट बघतं. हा डेडलॉकच आहे, पण त्याची अर्धी कडी तुमच्या थ्रेडमध्ये आहे, आणि पोस्टग्रेसच्या डेडलॉक शोधणाऱ्याला ती दिसत नाही. 'लॉक टाइमआउट' मुळात शून्य, म्हणजे अमर्याद असतो. इनोडीबीत निदान ५० सेकंदांनी सुटका होते. तिथे मात्र हे घडायला तीच ओळ बदलण्याचीही गरज नसते: आतल्या नोंदीत खात्याकडे बोट दाखवणारी फॉरेन की असेल, तर ती तपासताना खात्याच्या ओळीवर शेअर्ड लॉक मागितलं जातं आणि गाडी तिथेच अडते.

तुमच्या कामात यातलं काहीच लागत नाही. चूक नोंदवायची ती ट्रान्झॅक्शन फसून पूर्ण मागे गेल्यावर, बाहेर येऊन, नव्या छोट्या ट्रान्झॅक्शनमध्ये, त्याच कनेक्शनवर. ऑटोनॉमस ट्रान्झॅक्शन मागितलेल्या बहुतेक ठिकाणी मला हेच पुरेसं ठरलेलं दिसलं आहे.

मी हे कसं लिहीन

आधी 'हप्ता वसुली' नावाचं एक टेबल. त्यात आरडी खातं, महिना, स्थिती, आणि खातं व महिना यांच्या जोडीवर युनिक कन्स्ट्रेंट. काम सुरू झालं की एका छोट्या ट्रान्झॅक्शनमध्ये त्या महिन्याच्या सगळ्या ओळी 'बाकी' या स्थितीत घालायच्या, आधीपासून असतील त्या 'ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग'ने सोडून द्यायच्या. मग बाकी ओळींचे क्रमांक वाचून घ्यायचे आणि एकेकावर लूप चालवायचं. लूपभोवती ट्रान्झॅक्शन नाही.

लूपच्या आत प्रत्येक फेरीला एक अ‍ॅटॉमिक, 'ड्युरेबल' हा पर्याय लावलेला. हा पर्याय जँगो ३.२ पासून आहे आणि तो एवढंच बघतो की हा ब्लॉक दुसऱ्या कोणत्याही अ‍ॅटॉमिकच्या आत नाही. असेल तर एरर देतो. उद्या कोणी हे काम एखाद्या मोठ्या ब्लॉकमध्ये गुंडाळलं तर ते लगेच उघडकीला येईल. मला हा पर्याय फार मोलाचा वाटतो, कारण 'इथून बाहेर पडलो की काम खरंच पक्कं झालेलं आहे' हे वचन त्याशिवाय कोडमध्ये लिहिताच येत नाही.

त्या ट्रान्झॅक्शनमध्ये वसुलीची ओळ 'सिलेक्ट फॉर अपडेट'ने लॉक करायची आणि ती अजून बाकीच आहे ना हे पाहायचं. मग दोन्ही खाती लॉक करायची, नेहमी खाते क्रमांकाच्या चढत्या क्रमाने, म्हणजे दोन व्यवहार उलटसुलट क्रमाने येऊन एकमेकांत अडकणार नाहीत. शिल्लक पाहायची. अपुरी असेल तर स्थिती 'अपुरी शिल्लक' करून कमिट. यात एक्सेप्शन नाही, रोलबॅकही नाही. शिल्लक नसणं हा या धंद्यातला रोजचा निकाल आहे, बिघाड नव्हे; त्याला एक्सेप्शनचं रूप दिलं की सेव्हपॉइंटची गरज आपण उगाच निर्माण करतो. शिल्लक असेल तर नावे, जमा, स्थिती 'झाला', आणि एसएमएसची ओळ, सगळं एकाच कमिटमध्ये. अनपेक्षित एरर आला तर फेरीबाहेर तो पकडून नव्या ट्रान्झॅक्शनमध्ये त्याचा मजकूर लिहायचा आणि पुढच्या ओळीकडे जायचं. मध्येच मशीन बंद पडलं तर काम पुन्हा चालू करायचं. झालेले हप्ते पुन्हा कापले जाणार नाहीत, कारण स्थिती आणि पैसा एकत्रच पक्के झालेले आहेत.

एसएमएस ट्रान्झॅक्शनच्या आतून कधीही पाठवू नका. रोलबॅक झाला तरी गेलेला एसएमएस परत येत नाही, आणि गेटवे अडखळला तर तेवढा वेळ लॉक धरलेली राहतात. जँगोचं 'ऑन कमिट' यासाठी आहे. सर्वात बाहेरचं ट्रान्झॅक्शन पक्कं झाल्यावरच ते चालतं, आणि ज्या सेव्हपॉइंटच्या आत नोंदवलं तो मागे गेला तर तेही रद्द होतं. पण कमिट झाल्यावर आणि ऑन कमिट चालण्याआधी प्रोसेस मेली तर एसएमएस हरवतो. पैशाच्या सूचनेसाठी ते मला चालत नाही. म्हणून एसएमएसची ओळ त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये एका 'जावक' टेबलात लिहायची आणि वेगळ्या वर्करने 'स्किप लॉक्ड' (इतरांनी लॉक केलेल्या ओळी वगळणारा पर्याय) वापरून ती उचलून पाठवायची. क्वचित एखादा एसएमएस दोनदा जाईल. न जाण्यापेक्षा ते बरं.

रक्कम वळती करणाऱ्या मूळ फंक्शनमधलं अ‍ॅटॉमिक काढा आणि त्याच्या पहिल्या ओळीत ट्रान्झॅक्शन चालू आहे ना हे तपासा. नसेल तर तिथेच एरर द्या. जँगोच्या कनेक्शनवर हे विचारता येतं. स्प्रिंगमध्ये यासाठी 'मँडेटरी' आहे आणि ते जितकं वापरलं जायला हवं तितकं वापरलं जात नाही. गो भाषेत तर प्रश्न आपोआप सुटतो: ट्रान्झॅक्शन हे मूल्य म्हणून फंक्शनला द्यावं लागतं, त्यामुळे फंक्शनच्या व्याख्येची पहिली ओळ वाचूनच कळतं. लोक ते कॉन्टेक्स्टमध्ये लपवतात आणि ही सोय हातची घालवतात. काउंटरवरून होणाऱ्या साध्या एका व्यवहारासाठी त्या फंक्शनभोवती ट्रान्झॅक्शन उघडणारं दुसरं छोटं फंक्शन लिहा.

पुन्हा प्रयत्न करायचा तर तोही फक्त या बाहेरच्या पातळीवर. मायएसक्यूएलमध्ये डेडलॉकचा १२१३ एरर आला की अख्खं ट्रान्झॅक्शन मागे गेलेलं असतं, सेव्हपॉइंटसुद्धा उरत नाही. त्यामुळे आतल्या ब्लॉकने मागे जायचा प्रयत्न केला की 'असा सेव्हपॉइंट नाही' असा १३०५ एरर येतो आणि मूळ कारण त्याखाली झाकलं जातं. पोस्टग्रेसमध्ये रिपीटेबल रीड किंवा सिरियलायझेबल पातळीवर ४०००१ (दुसऱ्या ट्रान्झॅक्शनशी टक्कर झाल्याचा एरर) आला तर सेव्हपॉइंटपासून पुन्हा चालवून उपयोग नाही, कारण डेटाचं चित्र ट्रान्झॅक्शनच्या सुरुवातीचंच राहतं आणि तोच एरर पुन्हा येतो.

शेवटी तपासणी. जँगोची नेहमीची 'टेस्टकेस' प्रत्येक टेस्ट स्वतःच एका ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळते, म्हणून तिच्यात तुमचा सर्वात बाहेरचा ब्लॉकही खरं कमिट करत नाही. सीमांची टेस्ट 'ट्रान्झॅक्शन टेस्टकेस'वर लिहा. ती हळू चालते, पण अशा टेस्ट मूठभरच लागतात. त्यातल्या एकीत तीन सभासद घ्या, मधल्याच्या जमेच्या पायरीला मुद्दाम एक्सेप्शन फेका, आणि पहिला व तिसरा हप्ता झालेला, मधल्याची दोन्ही खाती जशीच्या तशी, त्याच्या ओळीत एररचा मजकूर, आणि जावक टेबलात दोनच ओळी, हे तपासा. मग डेव्हलपमेंटच्या पोस्टग्रेसवर सगळी विधानं लॉग करायची सेटिंग चालू करून तेच काम एकदा चालवा आणि लॉग डोळ्यांनी वाचा. प्रत्येक सभासदामागे एक बिगिन आणि एक कमिट दिसलं पाहिजे, मधल्याला कमिटच्या जागी रोलबॅक आणि त्यापाठोपाठ नोंदीचं छोटं ट्रान्झॅक्शन. सेव्हपॉइंट हा शब्द कुठे दिसला तर तो ब्लॉक कोणी उघडला आणि वरच्या तीन गरजांपैकी कोणत्या गरजेसाठी, हे शोधून काढल्याशिवाय कोड पुढे पाठवू नका.